ॲक्सोलोटल पाळायचाय, सांगलीच्या उन्हाळ्यात टिकंल का?

मिरज_रोडवाला: नमस्कार मंडळी, पोरगी ९ वर्षांची, माइनक्राफ्टमध्ये ॲक्सोलोटल बघितल्यापासनं डोकं खाल्लंय नुसतं, वाढदिवसाला तोच पायजे म्हणते. घरात दीड फुटी टँक पडून हाय, आधी गप्पी होते त्यात. माशांसारखंच असतं का सगळं? आणि बायको विचारतेय, ही पाल घरभर फिरणार नाही ना 😅

कृष्णाकाठ: वहिनींना सांगा पाल न्हाई ती, सॅलमँडर हाय, म्हंजे बेडकाच्या गोतातला उभयचर, कल्ले घेऊन जन्मभर पाण्यातच राहतो. पण दादा खरी गोम तापमानात हाय. मूळचा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला, त्याला १६ ते १८ डिग्री लागतं, २४ च्या वर गेलं की खाणं सोडतो, अंगावर बुरशी येते, आणि आपल्याकडं एप्रिलात नळाचंच पाणी कोमट. मी पंखा लावून बघितला, २-३ डिग्री उतरलं फक्त, मग बर्फाच्या बाटल्या सोडायला लागलो, मी ड्युटीवर असताना आई बदलायची बिचारी, ती एकदा लग्नाला गेली आणि संध्याकाळी येऊन बघतोय तर ह्याचे कल्ले पुढं वळलेले, म्हंजे त्रास होत होता त्याला. वाचला, पण शेवटी चिलर, म्हंजे पाणी थंड करायचं मशीन घेतलं, टँकपेक्षा महाग. टँक पण ३ फुटी बघा, आणि खाली खडे नको, गिळतो आणि पोटात अडकतात.

सातारची_मावशी: आधी कागदाचं बघा. हा सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळं आता सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, दुकानदार "काही लागत नाही हो" म्हणतात तर पावती मागा, चेहरा बघा कसा होतो. टँक महिनाभर आधी चालू ठेवा, पाण्याच्या टेस्टमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतनं होणारी विषं) दोन्ही शून्य दिसल्याशिवाय प्राणी आणू नका. खायला गांडुळं, पण गांडूळखताच्या बेडमधली लाल नको, कडू लागतात, आमचा थुंकून टाकतो 😂 फवारणी नसलेल्या रानातली जाडी आणा. आणि १०-१५ वर्षं जगतो बरं का, पोरगी कॉलेजला गेली की करणार तुम्हीच.

मिरज_रोडवाला: बाप रे. मग आत्ता नुसता टँक भरतो, थर्मामीटर टाकतो, रोज आकडा लिहायचं काम पोरीला. मे पार पडला तर बघू.

कृष्णाकाठ: दुपारी ३ ला लिव्हायला सांगा, सकाळी न्हाई.