गोळी प्रोजेस्टेरॉनची, आणि गाठही त्यानेच वाढते?

लोकमान्यनगर_इंदूर:
नमस्कार मंडळी. वहिनींना, वय ४४, अंगावरून फार जायला लागलं म्हणून राजवाड्याजवळ सोनोग्राफी केली तर गर्भपिशवीत ४ सेंमीचा फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची गाठ, निघाला. डॉक्टरीणबाईंनी नॉरएथिस्टेरॉन दिलंय. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, आणि मी वाचलं की प्रोजेस्टेरॉननेच फायब्रॉइड वाढतो, मग देतात कशाला? आई तर म्हणतेय गोळ्या बंद करा.

पॅथॉलॉजीवाली:
आधी सांगते, गोळ्या मनाने बंद करू नका, एकदम थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पुन्हा जोरात जायला लागतं. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, फक्त पिशवीत आतलं अस्तर आणि बाहेरचा स्नायू अशा दोन गोष्टी आहेत आणि एकच हार्मोन दोघांशी उलट वागतं. अस्तर इस्ट्रोजेनने वाढतं, पाळी संपल्यावर २ ते ४ मिमी असतं ते पुढे १० मिमीच्या आसपास जातं, आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालतं. गोळी काम करते ती इथे. फायब्रॉइड मात्र स्नायूचा, तोही एकाच बिघडलेल्या पेशीपासून झालेला. तिथे इस्ट्रोजेन प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा हुकूम घेणाऱ्या पेशीतल्या जागा, वाढवून ठेवतं आणि मग प्रोजेस्टेरॉन पेशींची संख्या वाढवतं. म्हणून रक्तस्राव थांबला तरी गाठ विरघळेल अशी आशा धरू नका.

सयाजीगंज_बडोदा:
आणि ते ग्रोथ फॅक्टर म्हणतात ते काय असतं? माझ्या मावशीची गाठ पाळी गेल्यावर आपोआप बसली.

पॅथॉलॉजीवाली:
हार्मोनचा हुकूम पेशीपेशीत पोचवणारी प्रथिनं. ईजीएफ आणि आयजीएफ पेशींना वाढायला लावतात, टीजीएफ-बीटा कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, साठवायला लावतो. कापलेला फायब्रॉइड पांढरा, टणक, भोवऱ्यासारख्या रेषांचा दिसतो, त्या टणकपणात पेशींपेक्षा हे कोलॅजनच जास्त. मावशींची पाळी गेली तशी अंडाशयाची दोन्ही हार्मोन्स उतरली, गाठीचं खाणंच बंद झालं. चरबीतही थोडं इस्ट्रोजेन बनतं, म्हणून वजनाचा संबंध येतो.

लोकमान्यनगर_इंदूर:
खूप आभार ताई, आईला आत्ताच वाचून दाखवलं. पुढच्या वेळी डॉक्टरांना काय विचारू?

पॅथॉलॉजीवाली:
गाठ अस्तराकडे पुढे आलीय का ते विचारा, तशी असेल तर लहान गाठीनेही खूप जातं. आणि वहिनींचं हिमोग्लोबिन याच आठवड्यात बघून घ्या, बायका थकवा अंगावर काढतात.