‘जंगलिस्ट’ला मराठीत काय म्हणाल?

रानवारा : भाचीने काल निया आर्काइव्ह्जचा ‘सायलेन्स इज लाउड’ (२०२४) हा अल्बम ऐकवला. ही इंग्लंडची मुलगी स्वतः गाते, प्रोड्यूसही करते. नव्वदच्या दशकात लंडनमध्ये गाजलेलं ‘जंगल’ नावाचं नाचाचं संगीत तिने पुन्हा वर काढलंय. भाची स्वतःला ‘जंगलिस्ट’ म्हणवते. मी ‘जंगली’ म्हटलं तर रुसली. नेमका शब्द आहे का? आणि आपलं ‘जंगल’ तिकडे गेलं कसं?

आजोळ : गेलं आपल्याकडूनच, पण वाटेत भिजलं! संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडांचा मुलूख. आयुर्वेदात अजूनही जांगल देश आणि त्याच्या उलट पाणथळ तो आनूप देश, असं शिकवतात. त्या हिशेबाने माणदेश जांगल आणि कोकण आनूप. पुढे पडीक जमीन, मग तिच्यावर माजलेली झाडी, असा अर्थ सरकत गेला. इंग्रजीत तर तो पार गर्द आणि दमट झाला. (‘जंगम’शी नातं जोडू नका, तो ‘गम्’ धातूचा.)

रानवारा : म्हणजे संगीताचं नाव झाडीवरून?

आजोळ : त्याच्या कुळकथा बऱ्याच आहेत. मला पटते ती जमैकाची. किंग्स्टनमध्ये आर्नेट गार्डन्स नावाची वस्ती आहे, तिला लोक ‘जंगल’च म्हणतात. तिथला माणूस तो जंगलिस्ट. साउंड सिस्टिमच्या (म्हणजे मोठे स्पीकर लावून चालणाऱ्या तिथल्या नाचाच्या मैफलींच्या) टेपांवरची ही हाक लंडनच्या रेकॉर्डांत उतरली म्हणतात. म्हणून ‘जंगली’ चुकतं. तो स्वभाव झाला, हा पत्ता आहे.

तबलजी : ठेक्याचं मी सांगतो. विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमनने जेमतेम सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवलेत. चार बार, म्हणजे चार आवर्तनं, बस. अशा एकट्या ड्रमच्या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. जंगलवाल्यांनी तेच सॅम्पलरवर (रेकॉर्डमधला आवाज उचलून पुन्हा वाजवायच्या यंत्रावर) चिरलं, वेग मिनिटाला १६०-१७० ठोक्यांपर्यंत नेला आणि तुकडे उलटसुलट जोडले. कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही, हे सलतं. बास मात्र निम्म्या चालीने येतो. आमच्या भाषेत ड्रम दुगुनीत, बास ठाय लयीत. मान कुठल्या लयीत हलवायची ते ज्याचं त्याने बघावं! मी ते सात सेकंद तबल्यावर धरून पाहिले. चौथ्या बारची पहिली मात्रा त्याने रिकामी सोडलीय. आपला हात समेवर पडतो आणि तिथे कुणीच नसतं. तीनदा फसलो.

रानवारा : मग ‘ब्रेक’ला ‘तुकडा’ म्हणावं?

तबलजी : नको. तबल्यात तुकडा ही बांधीव रचना, समेवर येऊन संपणारी. ‘ब्रेक’च राहू द्या.

आजोळ : मूळ प्रश्न राहिला. वस्तीवरून नाव असेल तर सरळ ‘जंगलकर’. पुणेकर, सातारकर, तसा.

तबलजी : पण लंडनचा पोरगा कुठे त्या वस्तीत राहतो? तो रात्रभर नाचायला जातो, दर शनिवारी, नेमाने. ‘वारकरी’सारखं ‘जंगलकरी’ म्हणा.

आजोळ : पटण्यासारखं आहे. तरी कानाला ‘जंगलकर’च बरं वाटतं.

रानवारा : भाचीला दोन्ही कळवले. तिने इन्स्टावर नावापुढे ‘जंगलकर’ लावलंय. सकाळपासून ताईला फोन येताहेत, मुलीचं लग्न कधी उरकलं म्हणून.