नजर कागदावर असताना चूक कळवायची कशी?

प्रश्न:
कागदी फॉर्मवरची माहिती संगणकात भरायचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. तारीख चुकली की रकाना लाल होतो. पण टाइप करणारीची नजर असते कागदावर! परवा एकीच्या मागे उभी राहून पाहिलं. ३१ फेब्रुवारी पडली, रकाना लाल झाला, आणि बाईंनी मान वर केली ती सहा ओळी पुढे गेल्यावर. म्हणून बीप लावला. आता खोलीत एक बीप वाजला की बाराही माना वर होतात. काहींनी आवाजच बंद केलाय. काढून टाकू का?

प्रतिसाद १:
काढू नका. नजर कुठेही असली तरी आवाज पोचतोच. मात्र वाजून गेला की मागे काही उरत नाही, म्हणून लाल रकानाही हवाच. त्यात 'तारीख चुकली' असे शब्दही लिहा, लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही. बारा माना वर होतात तो दोष स्पीकरचा आहे. हेडफोन द्या, तोही एकाच कानाला.

प्रतिसाद २:
मला दिसत नाही, मी एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो. फाइल उतरत असताना त्याचा बीप हळूहळू चढत जातो. मी दुसऱ्या खिडकीत पत्र वाचत असतो आणि स्वरावरूनच किती उरलंय ते कळतं. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या ऑक्सिमीटरचंही तसंच: रक्तातला ऑक्सिजन घटला की टिकटिकीचा स्वर उतरतो, डॉक्टरांना पडद्याकडे बघावं लागत नाही. तुमचा बीप मात्र सगळ्याला एकच, बरोबर ना? मग तो बंद करणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

प्रश्नकर्ती:
हो, नोंद जतन झाली तरी तोच बीप होता! तो काढला. आता फक्त चुकीला एक बारीक 'ठक्', हेडफोनमध्ये. आज त्याच बाईंनी ३१ एप्रिल टाकली आणि पुढच्या रकान्याचं पहिलं अक्षर पडायच्या आत हात थांबला. इतकं बरं वाटलं!
पण एकीला कमी ऐकू येतं. तिचं काय करू?

प्रतिसाद १:
फॉर्म स्कॅन करून रकान्याच्या शेजारीच दाखवा. कागदच पडद्यावर आला की लाल चौकट आपोआप नजरेत येते. माझ्या मते हे बाराही जणींसाठी करावं.