मदत हवी आहे: आदिवासी महिलांवरच्या चित्रस्पर्धेसाठी

राजेहो, जरा मदत करा ना. माझी पोरगी नववीत आहे, तिनं चित्रकला स्पर्धेत नाव दिलंय, विषय आहे आदिवासी महिलांचं सक्षमीकरण, आणि चित्र सोमवारी द्यायचंय. पहिले तिनं गोंडवानाची राणी दुर्गावती काढली हत्तीवर, मस्त झाली होती, पण मीच म्हटलं की १५६४ ची लढाई सगळेच काढतील, आजची बाई काढ. मग गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम यांच्याबद्दल वाचून दाखवलं, लहानपणी आईकडून भिंतीवर डिगणा (पारंपरिक नक्षी) काढायला शिकल्या आणि २०२२ ला पद्मश्री. आता तिला चित्र काढणारी बाईच काढायचीय.

घोळ इथंच आहे. तिनं बाई काढली वारली स्टाईलची, दोन त्रिकोणवाली, आणि आजूबाजूला झाडं, हरणं गोंडी ठिपक्यांची. वारली तर तिकडं पालघर-डहाणूची, गोंडी आपल्या इकडची, हे असं मिक्स केलेलं चालते का? मला तर खिचडी वाटते, पण पोट्टी ऐकत नाही.

दुसरं म्हणजे गेरू. हँडमेड कागदावर गेरू पाण्यात कालवून लावला, वाळला, पण वरून पांढरा रंग फिरवला की खालचा गेरू उठतो आणि रेघ गुलाबी होते. फेविकॉल टाकू का गेरूत? किती? दोन कागद वाया गेले ऑलरेडी. आणि नागपुरात महाल-इतवारीकडं चांगला बारीक गेरू कुठं भेटन? कोणी गोंडी चित्रं काढणारी ताई ग्रुपात असेल तर प्लीज सांगा, फोटो कमेंटमध्ये टाकतो.