शब्दचर्चा : ‘वाहक’ की ‘वाहक प्रथिन’?

प्रश्न : नागपूरच्या सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) रुग्णांसाठी औषधसंशोधनावर मराठीत लेख लिहितेय. पेशीच्या पटलातून पदार्थ नेणाऱ्या ट्रान्सपोर्टरला ‘वाहक’ आणि चॅनेलला ‘वाहिनी’ लिहिलंय. चालेल का?

उत्तर : ताई, विदर्भात नुसतं ‘वाहक’ लिहू नका. इकडे वाहक म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक असलेला माणूस. सोयरीक जुळवताना घरोघरी विचारावा असा हा प्रश्न आहे, कारण दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. तपासणीचा तसा कागद ज्याच्या हातात आहे, तो ‘वाहकाला रोखणारं औषध’ वाचून भलताच अर्थ काढेल. लांबलं तरी दरवेळी ‘वाहक प्रथिन’च लिहा.

‘वाहिनी’ची रक्तवाहिनीशी गल्लत होते. चॅनेलसाठी ‘मार्गिका’ बरा. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लेखात यायलाच हवं. मार्गिका उघडली की आयन आपसूक धावतात. वाहक प्रथिन रेणू धरतं, स्वतःचा आकार बदलतं आणि पलीकडे सोडतं. पंपाला पंपच म्हणा. सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून ३ सोडियम बाहेर काढतो, २ पोटॅशियम आत घेतो.

सिकलसेलवर लिहिताय तर तांबड्या पेशीच्या पटलातली पोटॅशियमची गार्डोस मार्गिका सोडू नका. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकली की आत कॅल्शियम शिरतं, त्यानं ही मार्गिका उघडते, पोटॅशियम बाहेर जातं आणि त्याच्यामागे पाणी. पेशी सुकते, आतलं हिमोग्लोबिन दाटतं, त्याचे धागे आणखी झपाट्यानं बनतात. सेनिकापॉक हे औषध नेमकी हीच मार्गिका बंद करायचं. पेशी फुटणं कमी झालं, पण रुग्णाचं दुखणं उठणं काही कमी झालं नाही, आणि मोठी चाचणी थांबवावी लागली. ‘औषध अपयशी’ एवढं लिहून मोकळं होऊ नका. रक्ताचा रिपोर्ट सुधारला तरी कळा थांबतीलच असं नाही, हे रुग्णाला कळायला हवं.

प्रश्न : आणि ट्रान्सपोर्टला ‘वहन’ लिहू?

उत्तर : शाळेत ‘वहन’ उष्णतेच्या धड्यात शिकवतात, म्हणून मी टाळतो. शीर्षकात ‘पटलातून परिवहन’ ठेवा, मजकुरात सरळ ‘ने-आण’. परासरण, विसरण मात्र तसेच राहू द्या. दहावी झालेल्या कुणालाही ते कळतात.