उत्तर: तिकीट न काढणाऱ्याचं नाव सांगावं का?

स्वारगेट-कात्रज बसमध्ये मागच्या दारात लटकलेली पोरं तिकीट काढताना दिसली नाहीत तर काय करायचं, यावर इथे एकाने जे म्हटलंय, की "सरळ कंडक्टरला बोट दाखवून सांगायचं", ते मला तरी पटत नाही. त्यांच्याकडे पास असेल तर? खिशातला पास आपल्याला थोडाच दिसतो.

संध्याकाळच्या गर्दीत कंडक्टर पुढे अडकलेला असतो. मागून वीसची नोट चार हातांतून पुढे जाते, तिकीट आणि सुट्टे पैसे त्याच वाटेने परत येतात (पुण्यात अजून हे चालतं, कौतुकच आहे). अशा वेळी "मागे कुणाचं राहिलंय का हो तिकीट?" एवढं मोठ्याने विचारलं तरी पुरे. ज्याला काढायचंय तो काढतो, कुणाचा अपमानही होत नाही. आजी-आजोबांना तर ही सोयच वाटते.

मात्र पैसे घेऊन तिकीटच न देणारा कंडक्टर भेटला तर गप्प बसू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १७८ फुकट्या प्रवाशाबरोबर अशा कंडक्टरलाही लागू होतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. तिथे मी बसचा नंबर आणि वेळ टिपून खुशाल तक्रार करेन.

लोणावळा लोकलचं म्हणाल तर तिथे रेल्वे कायद्याप्रमाणे भाड्यावर किमान २५० रुपये जादा भरावे लागतात आणि ते वसूल करायला टीसी आहेत. शेजारच्या बाकावरच्याची झडती मी कशाला घेऊ?