करूळ घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरते: डिस्क फेस करावी की बदलावी?

प्रश्न (पिकअप मालक, कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे दीड टनी पिकअप आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. मार्केट यार्डातून गूळ आणि भाजीपाला भरून गाडी गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी, कणकवलीकडे जाते आणि परतताना बहुधा रिकामी किंवा हलक्या भाड्यावर येते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस साठच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरू लागले आणि पेडल पायाखाली धडधडू लागले. डिस्क ‘बेंड’ झाल्याचे सांगून गॅरेजवाल्यांनी पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले. त्यानंतर काही महिने गाडी अगदी सुतासारखी थांबत होती. आता मात्र तोच त्रास परत सुरू झाला असून घाट उतरून खाली आल्यावर तो अधिक जाणवतो.

गॅरेजचे म्हणणे असे की, डिस्क उद्यमनगरात लेथवर फेस करून (म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करून) घ्यावी, नाहीतर पुन्हा नवी टाकावी. माल परवान्याइतकाच भरतो आणि पॅडही चांगल्या कंपनीचे आहेत. मग नवी डिस्क इतक्या लवकर वाकडी का व्हावी, आणि या वेळी नेमके काय करून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (गॅरेज चालक, कागल)

दादा, डिस्क ‘बेंड’ झाली हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो, परंतु बीडाची (ओतीव लोखंडाची) डिस्क खरोखर वाकलेली फार क्वचित सापडते. बहुतेक वेळा झालेले असते ते असे की, डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. जाड भाग पॅडमधून जाताना कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की तो पुढे सरकतो, आणि ही मागे-पुढे होणारी हालचाल तेलातून पेडलपर्यंत पोहोचते. जाडीतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत दोन-तीन असला, तरी तो पायाला स्पष्ट कळतो.

आपण दिलेल्या माहितीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे की, नव्या डिस्कवर त्रास लगेच आला नाही, काही महिन्यांनी आला. याचा अर्थ डिस्क दुकानातून खराब आलेली नव्हती, ती गाडीवर बसल्यानंतर खराब झाली. हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या) तोंडावर गंजाची खपली राहिली किंवा बेअरिंगला खेळ असला, तर डिस्क फिरताना किंचित डुलते. ब्रेक सोडलेला असतानाही डुलणाऱ्या डिस्कचा तोच एक भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासत जातो आणि काही हजार किलोमीटरमध्ये तेवढाच भाग पातळ होतो. म्हणूनच सुरुवातीला गाडी छान थांबते आणि नंतर थरथर सुरू होते. मूळ दोष तसाच ठेवून डिस्क फेस करा किंवा नवी टाका, काही महिन्यांनी आपण पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

तेव्हा खर्च करण्यापूर्वी चार गोष्टी तपासून घ्या. मोकळ्या, सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगात पायाचा ब्रेक न दाबता हँडब्रेक हळूहळू ओढून पाहा. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर काम करतो, त्यामुळे थरथर तेव्हाही आली तर दोष मागच्या ड्रमच्या गोलाईत आहे. मागे कोणतेही वाहन नसताना आणि बटण दाबून धरूनच ही चाचणी करावी, म्हणजे हँडब्रेक अडकणार नाही. दुसरे म्हणजे पुढचे चाक उचलून वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ पाहा. तिसरे, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना हाताने सहज सरकतात का ते पाहा. गगनबावड्याच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांच्या पिना रबर फाटून पाणी गेल्याने जाम झालेल्या मी नेहमी पाहतो. चौथे, चाकाचे नट कसे आवळले जातात ते विचारा. हवेच्या गनने एकेक नट मरेस्तोवर आवळला, तर डिस्क हबवर असमान दाबली जाते. नट समोरासमोरचे घेत, दोन टप्प्यांत आणि शेवटी टॉर्क पान्याने (ठरावीक जोरावर आवळणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापालाच आवळले पाहिजेत.

उत्तर (मशिन शॉप, शिवाजी उद्यमनगर)

कागलच्या मित्रांचे म्हणणे बरोबर आहे. आमच्याकडे फेसिंगसाठी रोज डिस्क येतात, म्हणून लेथच्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

डिस्क काढण्यापूर्वी ती गाडीवरच मोजून घ्यावी, कारण टेबलावर सरळ दिसणारी डिस्क हबवर डुलू शकते. सर्व नट आवळून डिस्क घट्ट बसवावी, डायल गेजची (डुलणे मोजणाऱ्या घड्याळी मापकाची) सुई बाहेरच्या कडेपासून साधारण दहा मिलिमीटर आत टेकवावी आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपर्यंतचे डुलणे चालते. नेमकी मर्यादा पुस्तिकेत पाहावी. सुई जास्त फिरली, तर सर्वांत उंच जागेवर डिस्क आणि हब या दोन्हींना खडूची खूण करावी, डिस्क दोन बोल्ट पुढे फिरवून बसवावी आणि पुन्हा मोजावे. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा, हबच्या खुणेपाशीच राहिली तर दोष हबचा. गॅरेजमध्ये पाच मिनिटे वाचवण्यासाठी ही एक तपासणी टाळली जाते आणि गिऱ्हाईक विनाकारण नवी डिस्क विकत घेते, याचे मला मनापासून वाईट वाटते. काही पिकअपमध्ये डिस्क हबला मागून बोल्टने जोडलेली असते. तिथे हब-बेअरिंगसह सगळे उतरवावे लागते, परंतु तत्त्व हेच.

हबचे बसण्याचे तोंड डिस्कच्या जवळजवळ निम्म्या व्यासाचे असते. त्यामुळे त्याच्या कडेला गंजाची ०.०५ मिलिमीटरची खपली राहिली, तर डिस्कच्या कडेला सुमारे दुप्पट डुलणे दिसते. वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने ते तोंड चमकेपर्यंत साफ केले, बोल्टच्या मुळाशी साचलेला गंजही खरवडून काढला, तर पुष्कळदा डायलवरचा आकडा तिथेच निम्म्यावर येतो.

त्यानंतर मायक्रोमीटरने डिस्कची जाडी एकाच वर्तुळावर आठ ठिकाणी मोजावी. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मापातला फरक ०.०२ मिलिमीटरच्या पुढे असेल, तर थरथरीचे कारण सापडले असे समजावे. फेसिंग करायचे की नाही, हे किमान जाडीवर ठरते. डिस्कवर ती ओतीव किंवा कोरीव अक्षरांत दिलेली असते आणि नव्या डिस्कपेक्षा ती साधारण दोन मिलिमीटरने कमी असते. फेस केल्यानंतरही या मापाच्या वर पुरेशी जाडी उरत असेल, तरच लेथवर चढवावी.

फेसिंग करणाऱ्याला एवढे आवर्जून सांगा की, डिस्क हबवर ज्या तोंडावर बसते तेच तोंड साफ करून त्याच आधाराने ती लेथवर धरावी. लेथच्या चकच्या (पकडीच्या) जबड्यांत बाहेरून आवळून एक बाजू घेतली आणि उलटी करून दुसरी घेतली, तर दोन्ही बाजू गुळगुळीत दिसतात, पण डिस्क गाडीवर पुन्हा डुलते.

आता सर्वांत महत्त्वाचे. डिस्कच्या पृष्ठभागावर निळसर-काळे ठिपके दिसत असतील, तर फेसिंगचे पैसे घालवू नका. बीडात कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि त्यामुळेच बीड उष्णता लवकर पसरवते. मात्र एखादा ठिपका साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला आणि झटकन थंड झाला, की तेथील रचना बदलून सिमेंटाइट हा अतिशय कठीण पदार्थ तयार होतो. फेस करताना टूल त्या जागेवरून उडी मारते. वरचा थर निघाला तरी खालचा कठीण भाग उरतोच, आजूबाजूचे मऊ बीड झिजत जाते, तो ठिपका वर राहतो आणि थरथर परत येते. अशी डिस्क बदलावीच लागते.

प्रश्नकर्ता

आपले सर्वांचे आभार. आपण सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या गॅरेजमध्ये मोजणी करून घेतली. हँडब्रेकच्या चाचणीत थरथर आली नाही. डावीकडे डुलणे ०.१२ निघाले. डिस्क फिरवून बसवल्यावर उंच जागा हबपाशीच राहिली आणि हब साफ केल्यावर तोच आकडा ०.०४ वर आला. उजवीकडचे डुलणे आधीपासूनच मर्यादेत होते. जाडीतला फरक डावीकडे ०.०४ आणि उजवीकडे ०.०२ आहे. डाव्या कॅलिपरची खालची पिन जाम होती. निळे ठिपके मात्र दोन्ही डिस्कवर आहेत. डाव्या बाजूचा खुलासा झाला, परंतु ज्या बाजूचा हब आणि पिना ठीक आहेत, ती उजवी डिस्क इतकी का तापली असावी?

उत्तर (गॅरेज चालक, कागल)

दोन्ही डिस्क तापल्या याचा अर्थ पुढच्या ब्रेकना स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त काम करावे लागते आहे, म्हणून आता मागे पाहा. ड्रम उघडून लायनरचा (ड्रमवर घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तराचा) ॲडजस्टर फिरतो का ते तपासा. तो गंजून अडकला की लायनर झिजत जाते, लायनर आणि ड्रममधले अंतर वाढते, आणि हँडब्रेकची केबल आवळून वरवर सगळे ठीक असल्याचे भासवले जाते.

त्याहूनही अधिक दुर्लक्षित भाग म्हणजे मागच्या ॲक्सलजवळचा, भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. पुष्कळ पिकअपमध्ये तो असतो. गाडी भरली की चेसिस खाली बसते, ॲक्सलला जोडलेली दांडी व्हॉल्व्ह फिरवते आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. रिकाम्या गाडीची मागची चाके लॉक होऊ नयेत म्हणून ही योजना असते. दांडी चिखलाने आणि गंजाने जाम झाली, किंवा मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पान (पट्टी) घालून गाडीचा मागचा भाग उचलला, तर गूळ भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामीच वाटते आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. आपल्या गाडीला जादा पान घातले असल्यास दांडीचे सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा करून घेणे आवश्यक आहे. ते अंदाजाने करू नये, कारण चुकीच्या सेटिंगने पावसात रिकाम्या गाडीचे मागचे टोक फिरू शकते.

उत्तर (वाहनचालक, मलकापूर)

आंबा घाटाने रत्नागिरीला माल नेतो, म्हणून घाटातल्या उष्णतेबद्दल थोडे लिहितो. तीन टन वजनाची भरलेली गाडी ४०० मीटर खाली उतरली, तर सुमारे १ कोटी १७ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत ३५ लिटरहून अधिक साधे पाणी उकळीला येईल. ती सगळी दोन डिस्कच्या पंधरा-सोळा किलो बीडात जिरवायची, की त्यातली बरीच इंजिनवर सोपवायची, हे घाटमाथ्यावर आपण कोणता गिअर टाकतो यावर ठरते. उतार सुरू होण्यापूर्वीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाकावा, वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून तो कमी करावा आणि पाय पूर्ण सोडावा. पाय सतत हलका टेकवून ठेवला, तर डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे तर जिवावरचे आहे.

घाट उतरून खाली आल्यावर चहासाठी लगेच थांबून पेडल दाबून धरू नका. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की त्याच्या मालाचा थर डिस्कवर त्या आकारात चिकटतो, आणि पुढे तीच जागा आधी तापते. दोन-तीन किलोमीटर सपाट रस्त्यावर ब्रेक न वापरता चालवावे आणि मग सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये उभी करावी. वॉशिंग सेंटरवरही चाके हाताला गार लागेपर्यंत पाण्याचा फवारा मारू देऊ नये.

ब्रेक ऑइलही या निमित्ताने बदलून घ्या. त्याने थरथर जाणार नाही, परंतु हे तेल हवेतला ओलावा ओढते. डॉट ३ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश असतो, तो ओलाव्याने १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात तेल उकळले तर पेडल सरळ खाली जाते. गाडीला पुस्तिकेत जे सांगितले असेल तेच तेल घालावे आणि साधारण दर दोन वर्षांनी बदलावे.

उत्तर (मशिन शॉप, शिवाजी उद्यमनगर)

निळे ठिपके दोन्हीकडे आहेत, म्हणजे फेसिंगचा प्रश्न मिटला. पुढच्या दोन्ही डिस्क एकाच वेळी, एकाच कंपनीच्या घ्या आणि पॅडही नवे घाला, कारण जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचा आकार उमटलेला असतो. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे. स्लाइड पिनांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे; साधे ग्रीस लावल्यास रबर फुगते. डिस्क बसवल्यानंतर पॅड घालण्याआधी पुन्हा डायल लावा आणि आकडा ०.०५ च्या आत आल्याशिवाय कॅलिपर चढवू देऊ नका.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर गाडी रिकामी ठेवून साठवरून वीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा. प्रत्येक वेळी थोडे अंतर जाऊ द्यावे, पूर्ण थांबू नये, आणि शेवटी ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क गार करावी. असे केल्याने पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. पहिले शे-दोनशे किलोमीटर घाटात भरलेली गाडी नेऊ नये, आणि तेवढे अंतर झाल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. मागचा ॲडजस्टर आणि दाबाचा व्हॉल्व्ह यांचे काम डिस्क टाकण्याच्या आधी उरकून घ्या, म्हणजे नव्या डिस्कवर पहिल्या दिवसापासून योग्य तेवढाच भार येईल.